काचेच्या पेटीतील सनई आणि देवगिरीचा श्रीकरणाधिप

१/ संग्रहालयात जुनी तलवार पाहताना तिची धार दिसते. जुने नाणे पाहताना त्यावरील अक्षरे वाचता येतात. जुनी सनई पाहताना मात्र जे खरोखर जाणून घ्यायचे ते डोळ्यांना दिसतच नाही. लाकडाची निमुळती नळी, तिच्यावर सात-आठ छिद्रे, खालच्या टोकाला धातूचे पसरट तोंड आणि शेजारी पाटी : सनई, लाकूड व पितळ, एकोणिसावे शतक. एवढे वाचून दर्शक पुढच्या दालनात जातो. आपल्याकडील जुन्या फुंकवाद्यांची बोळवण बहुतेक वेळा अशाच तीन शब्दांच्या पाटीवर होते. ही पाटी केवळ अपुरी नाही, ती इतिहासाचे नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे या धाग्यात क्रमाने मांडत आहे.

२/ मित्रहो, या विषयाची सुरुवात छत्रपती संभाजीनगरपासूनच करावी लागते. शहरापासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघण याच्या दरबारी, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर राज्याच्या हिशेब-दप्तराचा प्रमुख. याच हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्याला आधारग्रंथ मानतात, तो हा ग्रंथ.

३/ ग्रंथाचे सात अध्याय आहेत. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. यांपैकी सहावा, वाद्याध्याय, आपल्या कामाचा. त्यात सुषिर वाद्यांची, म्हणजे पोकळीत वारा भरून वाजणाऱ्या वाद्यांची, यादी येते : वंश, पाव, पाविका, मुरली, मधुकरी, काहल, तुंडकिनी, चुक्का, शृंग आणि शंख. यांतल्या मधुकरीत अभ्यासकांना सनईच्या कुळाची खूण दिसते. अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये. सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

४/ हिशेबनिसाचा हात कसा असतो, ते त्याच्या बासऱ्यांच्या वर्णनात पाहावे. फुंकण्याचे छिद्र आणि बोटांचे पहिले छिद्र यांतील अंतरावरून त्याने पंधरा वंश सांगितले आहेत, आणि त्यांची नावे म्हणजेच मापे आहेत. एक अंगुळ अंतर असेल तर एकवीर. दोन असेल तर उमापती. चार अंगुळांचा चतुर्मुख, सहांचा षण्मुख, सातांचा मुनी, आठांचा वसू. अकरा रुद्र असतात, म्हणून अकरा अंगुळांचा वंश रुद्र. बारांचा आदित्य, चौदांचा मनू आणि चंद्राच्या सोळा कलांवरून सोळा अंगुळांचा कलानिधी. नाव पाठ झाले की माप पाठ झाले. कागद हरवला तरी माहिती हरवू नये, अशी ही नोंद आहे.

५/ तो मापांवर थांबत नाही. वंश कशाचा करावा, तेही सांगतो : वेळू, खैर, हस्तिदंत, चंदन, रक्तचंदन, लोखंड, कांसे, रुपे, सोने. त्यानंतर तो फुंकर कशी असावी याकडे वळतो. फुंकरीचे गुण वेगळे, दोष वेगळे. त्याच्याही पुढे वाजवणाऱ्याचे गुण आणि दोष येतात. म्हणजे त्याच्या नोंदीत चार रकाने आहेत : माप, द्रव्य, फुंकर आणि वादक. आता पहिल्या मुद्द्यातली पाटी पुन्हा आठवा. तिच्यात द्रव्य आहे. उरलेले तीन रकाने कोरे आहेत. सुमारे आठशे वर्षांपूर्वी, आपल्याच जिल्ह्यात, याहून चांगली पाटी लिहिली जात होती.

६/ हे चार रकाने का महत्त्वाचे, ते कळण्यासाठी सनईची रचना समजून घेऊ. सनईची नळी आतून शंकूसारखी असते, वर अरुंद आणि खाली रुंद. वरच्या टोकाला धातूची बारीक नळी, आणि तिच्यावर गवतवर्गीय वनस्पतीच्या काडीपासून केलेली जिव्हाळी, जिला वादक पत्ती म्हणतात. ओठांत धरलेली ही जिव्हाळी फुंकरीने कंप पावते आणि नळीतील हवेचा स्तंभ तो कंप वाढवतो. लाकूड शंभर-दीडशे वर्षे टिकते. जिव्हाळी मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाते. त्यामुळे संग्रहालयात पोचलेली सनई जवळजवळ नेहमीच जिभेवाचून पोचते. जे आपण काचेआड पाहतो तो वाद्याचा देह असतो, वाचा आधीच गेलेली असते.

७/ तरीही या देहात एक गोष्ट दडलेली असते, जी सतारीत किंवा सारंगीत नसते. तंतुवाद्याची तार कधीही सैल करता येते, कधीही चढवता येते. दोनशे वर्षांपूर्वी ती कोणत्या स्वराला लावली जात होती, हे वाद्य स्वतः सांगू शकत नाही. फुंकवाद्याची छिद्रे मात्र एकदा पाडली की पाडली. त्या काळी त्या गावात षड्ज कोठे धरला जात होता, याची जवळपासची साक्ष ती छिद्रे देतात. आज सर्वत्र वापरली जाणारी ४४० हर्ट्‌झची पट्टी १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरली. त्याआधीची दुनिया किती निरनिराळ्या पट्ट्यांत गात होती, हे युरोपातील अभ्यासकांना जुन्या बासऱ्या मोजून मोठ्या प्रमाणावर कळले.

८/ मग छिद्रे मोजली की काम झाले का? नाही. सनईवादक छिद्र पूर्ण झाकतो, अर्धे झाकतो, बोट हळूहळू सरकवतो. ओठांचा दाब बदलून स्वर चढवतो, उतरवतो. मींड त्यातूनच निघते. म्हणजे लाकूड अर्धीच गोष्ट सांगते आणि उरलेली अर्धी वादकाच्या ओठांत व बोटांत असते. शार्ङ्गदेवाने फुंकर आणि वादक यांना वेगळे रकाने का दिले, याचे उत्तर येथे मिळते. तो शोभेसाठी लिहीत नव्हता. त्या दोन रकान्यांवाचून हिशेब जुळत नव्हता.

९/ आता या भूमीतील सुषिर वाद्यांचा प्रवास थोडक्यात पाहू. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तिकेभोवती वादिका आहेत आणि त्यांत बासरी वाजवणाऱ्याही आहेत. संभाजीनगर शहरालगतच्या बौद्ध लेण्यांत, सातव्या लेण्याच्या गर्भगृहात, नृत्य करणारी स्त्री आणि तिच्याभोवती बसलेल्या सहा वादिका कोरलेल्या आहेत. पर्यटक अजिंठा-वेरूळ पाहून परततात आणि हे शिल्प पाहायचे राहून जाते. ज्यांना वाद्यांचा इतिहास आवडतो त्यांनी ते अवश्य पाहावे.

१०/ चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला. गायक-वादकांचा एक स्वतंत्र बाजार येथे असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव तरबाबाद. म्हणजे आनंदाची पेठ. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१२ चा भडकल दरवाजा त्याचाच, आणि त्याच्या नौखंडा महालाकडे नेणाऱ्या या भव्य दरवाजावर नौबत झडत असे, असे गॅझेटियर सांगते. आज त्या चौकात फक्त वाहनांचे भोंगे ऐकू येतात.

११/ नौबत म्हणजे नुसते नगारे नव्हेत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या नक्कारखान्याची वाद्ये मोजून दिली आहेत. त्यात नगाऱ्यांच्या वीस जोड्या आहेत, कर्णे आहेत, आणि एका वेळी वाजवले जाणारे नऊ सुरना आहेत. हे सुरना इराणी आणि हिंदी अशा दोन्ही धाटणींचे. दख्खनेतील दरबारांनी आणि पुढे मराठी राज्यानेही हीच प्रथा आपल्या पद्धतीने चालवली. आपला सनई-चौघडा आणि देवळांचे नगारखाने हे तिचे मराठी रूप.

१२/ येथे एक वाद हमखास उपस्थित होतो : सनई देशी की परदेशी? यावर समाजमाध्यमांत बरीच शाई सांडते. मागे लक्षात ठेवायला सांगितलेले आकडे आता घ्या. खलजीच्या स्वारीपूर्वी सुमारे अर्धे शतक देवगिरीत मधुकरीचे वर्णन लिहिले गेले होते. दुसरीकडे सुरना हे नाव फारसी आहे आणि त्याची भावंडे तुर्कस्तानात झुर्ना, चीनमध्ये सुओना या नावांनी नांदतात. एका प्रवाहाने दुसरा पुसला नाही, दोन्ही एकत्र आले. नऊ सुरन्यांत दोन्ही धाटणींची वाद्ये होती, हे अबुल फजलच सांगतो. वाद्याला कुळ असते, पारपत्र नसते. या वादात खर्च होणारा उत्साह जुन्या सनया मोजण्यात खर्च झाला असता, तर आज आपल्याला खूप अधिक कळले असते.

१३/ आता ऐतिहासिक घर आणि त्यातील संग्रह. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्यांच्या व्यवसायात होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव फिरून संग्रह उभा केला. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, दरवाजे आणि वाद्ये. ज्या वस्तूंना तेव्हा कोणी इतिहास म्हणत नव्हते त्या त्यांनी राहत्या घरात आणून ठेवल्या. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वाद्यांना तेथे स्वतःचा विभाग आहे.

१४/ केळकरांचे ऋण मोठे आहे. त्यांनी उचलली नसती तर यातील कित्येक वाद्ये चुलीत गेली असती. परंतु वस्तू वाचवणे ही पहिली पायरी होती, आणि ती एका माणसाने एकट्याने चढून दाखवली. दुसरी पायरी वस्तूभोवतीची माहिती वाचवण्याची आहे, आणि ती संस्थांची व आपली आहे. ही माहिती वस्तूपेक्षा लवकर मरते. सनई दीडशे वर्षे टिकते. ती वाजवणाऱ्याचे नाव, पत्ती कशी बनवत ते, विवाहात कोणत्या वेळी कोणती धून वाजे ते, दोन पिढ्यांत विसरले जाते.

१५/ येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सनई मंगल वाद्य. तिच्याशिवाय लग्न लागत नाही, देवाची पहाट होत नाही. पण ती वाजवणारे कोण? गुरव, घडशी, होलार, मातंग. अनेक गावांत ज्यांच्या फुंकरीने मांडव पवित्र होई, त्यांनाच मांडवाच्या कडेला बसवले जाई आणि जेवणाची पंगत वेगळी असे. अशा घरातील शिकलेल्या मुलाने सनई खुंटीवरून उतरवून भंगारात दिली, तर त्याला परंपरा तोडणारा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याने वाद्य टाकले नाही, वाद्याला बांधलेला अपमान टाकला.

१६/ म्हणूनच ‘सनई, लाकूड व पितळ’ ही पाटी मला निष्पाप वाटत नाही. राजाच्या तलवारीखाली राजाचे नाव असते. सनईखाली वादकाचे नाव नसते, बनवणाऱ्याचेही नसते. संग्रहालय तटस्थ राहिल्याचा आव आणते आणि गावाने जी ओळख नाकारली तीच पुन्हा नाकारते. जेथे घराणे माहीत आहे आणि कुटुंबाची संमती आहे, तेथे नाव लिहिलेच पाहिजे. सोलापूरच्या सिद्राम जाधव यांचे नाव सुंदरी या छोट्या सनईशी कायमचे जोडले गेले. बिस्मिल्ला खाँ यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. नाव मिळाले की वाद्याची प्रतिष्ठा कशी पालटते, याचे हे पुरावे आहेत. मात्र ही प्रतिष्ठा मोजक्या नावांपुरती राहू नये.

१७/ दुसरा वाद : जुने वाद्य वाजवावे की नाही? रसिक म्हणतात, वाजत नाही ते वाद्य कसले. भावना सुंदर आहे, परिणाम वाईट. श्वास उष्ण आणि ओलसर असतो. वर्षानुवर्षे कोरडे राहिलेले लाकूड आतून ओल शोषून फुगते, बाहेरून मात्र कोरडेच राहते. या ताणाने ते रेषेत तडकते. जेथे धातूचे कडे घट्ट बसवलेले असते तेथे धोका अधिक, कारण धातू ओलीने फुगत नाही. मराठवाड्याच्या वैशाखात आधीच सुकलेल्या सनईत उत्साहाने मारलेली एक फुंकर तिचा शेवट करू शकते. एकदा तडा गेला की आतील पोकळीचे माप बिघडते, म्हणजे साक्षच बिघडते.

१८/ २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील बासरी लिझो या गायिकेने वाजवली, ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यासाठी पॅरिसच्या क्लोद लोराँने १८१३ मध्ये केलेली ती बासरी. मग त्यांना चालते ते आपल्याला का नाही, असे विचारले जाते. कारण ती बासरी काचेची आहे. काच श्वासाची ओल शोषत नाही, हाच लोराँच्या कल्पनेचा मोठा लाभ होता. त्या संग्रहालयात सुमारे १,७०० बासऱ्या आहेत. उदाहरण घ्यायचेच तर त्यांच्या नोंदवहीचे घ्यावे.

१९/ तेव्हा माझी भूमिका मधली नाही, स्पष्ट आहे. जुनी सनई फुंकू नये. तिला मोजावे. लांबी, प्रत्येक छिद्राचे अंतर व व्यास, आतील शंकूचा उतार, लाकडाची जात. मोठ्या संस्थांनी सीटी स्कॅन वापरावे, छोट्यांनी कॅलिपर आणि वही. मापे सर्वांना पाहता यावीत. त्यांवरून नवी प्रतिकृती करून ती आजच्या वादकाच्या हाती द्यावी आणि त्याला योग्य मानधन द्यावे. पत्ती तो स्वतः बनवेल, ती बनवताना चित्रण करावे. पेटीशेजारी ते ध्वनिमुद्रण ऐकण्याची सोय करावी. आमच्या संग्रहालयांची छपरे गळतात आणि तुम्ही सनया मोजायला सांगता, असा आक्षेप येईल. छप्पर दुरुस्त झालेच पाहिजे. पण वही-पेन्सिलीने मोजायला छपराची वाट पाहावी लागत नाही.

२०/ संभाजीनगरसाठी एक ठोस सूचना. पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल ही सतराव्या शतकातील बुंदेला सरदाराची वास्तू, आणि आज तेथे राज्य शासनाचे संग्रहालय आहे. तेथे, अथवा देवगिरीच्या पायथ्याशी, शार्ङ्गदेवाचे पंधरा वंश वेळूत करून मांडावेत. एकवीरापासून अठरा अंगुळांच्या वंशापर्यंत. एक अंगुळ नेमके किती, यावर विद्वान भांडतील. भांडू द्यावेत, प्रत्येक मापाचा संच करून ऐकावा. वेळू महाग नाही. बासरी बनवणारे कारागीर आहेत, विद्यापीठ त्याच परिसरात आहे, ग्रंथ छापील उपलब्ध आहे. उणीव आहे ती असे काही करावे असे वाटण्याची.

२१/ जगाने आपल्याकडून काय घेतले, तेही सांगून ठेवावे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. बंगालचे शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये भारतीय वाद्यांचा मोठा संच बेल्जियमच्या राजाला भेट पाठवला. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे व्हिक्टर माहिलों यांनी आपली वर्गवारी या चार वर्गांच्या धर्तीवर रचली. तिच्यावरून होर्नबोस्टेल व साक्स यांनी १९१४ मध्ये जी पद्धत तयार केली, ती आज जगभरची संग्रहालये वापरतात. वर्गवारीची कल्पना आपल्याकडून गेली आणि नोंद ठेवण्याची शिस्त तिकडे वाढली. ती परत आणण्यात कमीपणा नाही, कारण ती देवगिरीत होतीच.

२२/ शेवटी तुमच्यासाठी काम. आजोळी, शेजारी, गावच्या देवळात जुनी सनई, पावा, शिंग किंवा सुंदरी असेल तर ती फुंकू नका, तेल चोपडू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. फूटपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या. आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला चार प्रश्न विचारा : ही कोणी बनवली? कोण वाजवत असे? पत्ती कशाची करीत? कधी आणि कुठे वाजे? त्यांची परवानगी घेऊन उत्तरे ध्वनिमुद्रित करा. लाकूड आणखी काही दशके थांबेल. उत्तरे देणारी माणसे तेवढे थांबणार नाहीत. (समाप्त)